झोप येत नाही की झोपायला वेळ मिळत नाही? निद्रानाश कसा ओळखाल

"रात्री झोपच लागत नाही" हे वाक्य आपल्या घरांत नेहमी ऐकू येतं. त्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. नजर लागली असेल, जास्त विचार करू नकोस, नाहीतर मेडिकलमधून गोळी आण. पण आधी एक प्रश्न विचारायला हवा: झोप येत नाही, की झोपायला वेळच मिळत नाही?

आपल्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारची माणसं पुष्कळ आहेत. कुणी एमआयडीसीत रात्रपाळी करतो, कुणाच्या शेतीपंपाला रात्रीच वीज येते म्हणून तो पिकाला पाणी द्यायला जातो. रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे घरातल्या बायकांची झोप तुटते. यातल्या बहुतेकांना संधी मिळाली की लगेच गाढ झोप लागते. हा निद्रानाश नाही, ही झोपेची कमतरता आहे. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी, तेवढा वेळ घरच्यांनी त्याला काढून द्यायला हवा.

निद्रानाशात वेळ असतो, अंथरूण असतं, तरी डोळा लागत नाही. कुणाला सुरुवातीलाच झोप येत नाही, कुणी मध्येच वारंवार उठतं, कुणाला फजरच्या खूप आधी जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. त्यामुळे दिवसा थकवा, चिडचिड, विसराळूपणा येतो. आठवड्यात किमान ३ रात्री आणि सलग ३ महिने असं चाललं, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

सुरुवात बहुधा एखाद्या ताणातून होते: कर्ज, मुलीचं लग्न, घरातली मय्यत. ताण ओसरतो, पण "आज तरी झोप येईल का?" ही धास्ती उरते. मग माणूस लवकर अंथरुणावर पडतो, फजरनंतर दहापर्यंत झोपतो, दुपारीही तासन्‌तास झोपतो. त्यामुळे रात्रीची झोप आणखी लांबते.

म्हणून रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवा. फजरला उठणाऱ्यांना हे सोपं जातं. कैलूला करायचाच तर अर्ध्या तासाच्या आत. चहातल्या कॅफीनचा अंमल बरेच तास राहतो, म्हणून असरनंतर चहा नको. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी शांत बसा आणि डोळे जड झाले की परत या.

शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. काही गोळ्यांची सवय लागते, आणि म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सतत उदास वाटणं, रात्री वारंवार लघवीला उठणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच. जाण्यापूर्वी दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहा, निदानाला मदत होते. मानसोपचार तज्ज्ञाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सवयी आणि विचार बदलून, गोळ्यांशिवायही यावर उपचार होतात. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या नंबरवर मराठीत मोफत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट न पाहता लगेच फोन करा.

आणि घरच्यांनो, झोप न येणं हा इमानाचा कमकुवतपणा नाही. दुआ जरूर करा, सोबत दवाही करा.