ट्रेल कॅमेऱ्यात सेल कोणते घालावेत?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरे बेळगावात असली, तरी शेती खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. भात पिकायला लागले की गवे आणि रानडुकरे येतातच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शहरात गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, जवळपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि वनखात्याने ट्रॅप कॅमेरे लावले. तेव्हापासून हा कॅमेरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला. भरपाईच्या अर्जासोबत फोटो असलेला बरा, म्हणून गेल्या सुगीत आम्हीही एका सभासदाच्या बांधावर असा एक कॅमेरा लावला.

तीन आठवड्यांनी कार्ड काढून पाहिले. मोर, कुत्री, येणारी-जाणारी माणसे, दिवसाचे सगळे फोटो स्वच्छ होते. रात्रीचे फोटो मात्र दुसऱ्या आठवड्यापासून काळे पडत गेलेले आणि ज्या रात्री भात तुडवले गेले, त्या रात्रीचा एकही नाही. कॅमेरा नीट होता. आम्ही त्यात घड्याळात घालतात ते स्वस्त सेल घातले होते.

रात्रीच घात का होतो?

नुसते वाट पाहत बसायला या कॅमेऱ्याला वीज अगदी थोडी लागते. दिवसाच्या फोटोलाही फार लागत नाही. रात्री मात्र आतले इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि तेवढ्या क्षणापुरती वीज कितीतरी पटीने जास्त ओढली जाते. अर्धवट उतरलेल्या सेलचा दाब त्या ओढीने खाली येतो. फोटो काळा येतो, नाहीतर कॅमेरा बंदच पडतो. सकाळी तेच सेल पुन्हा चालतात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

कोणते सेल घ्यावेत?

बहुतेक कॅमेऱ्यांना ४, ८ किंवा १२ पेन्सिल सेल, म्हणजे एए मापाचे, लागतात.

साधे झिंक-कार्बन सेल: घड्याळाला ठीक, इथे नकोत.

अल्कलाइन: नवे असताना १.५ व्होल्ट, पण वापरासोबत दाब हळूहळू उतरत जातो. आत बरेच काही शिल्लक असतानाच रात्रीचे फोटो बिघडू लागतात. संपलेले सेल आत राहिले तर गळतात आणि पत्रे गंजतात.

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड: दाब १.२ व्होल्टच, पण जास्त ओढ चांगली सोसतात आणि शेकडो वेळा चार्ज होतात. ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ लिहिलेलेच घ्या. बाकीचे नुसते ठेवूनही उतरतात. ८ सेलचा दाब १२ ऐवजी ९.६ व्होल्ट भरतो आणि काही कॅमेरे त्याला ‘बॅटरी संपली’ समजतात. म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहा.

लिथियम, एकदाच वापरायचे: महाग, पण वजनाला हलके, दाब जवळजवळ शेवटपर्यंत टिकणारा, गळण्याचा धोका फार कमी. हे चार्जरला कधीही लावू नयेत.

१.५ व्होल्टचे रिचार्जेबल लिथियम: दाब शेवटपर्यंत एकसारखा राहतो, पण त्यामुळेच कॅमेऱ्यावर ‘पूर्ण’ दिसत असतानाच अचानक संपतात. त्यांना त्यांचाच चार्जर लागतो.

थोडा हिशेब

धरा, रात्री २० सेकंदांचा व्हिडिओ घेताना १ अँपिअर वीज लागते. एका व्हिडिओला साधारण ५.५ मिलीअँपिअर-तास गेले. रात्रीत असे ५० व्हिडिओ झाले, तर सुमारे २८० मिलीअँपिअर-तास. २,००० चा संच आठवड्यात आटोपला! एकामागे एक जोडलेल्या ८ सेलमुळे दाब वाढतो, साठा एका सेलएवढाच राहतो. म्हणून रात्री व्हिडिओऐवजी फोटो ठेवा आणि समोरचे गवत कापा. वाऱ्याने हलणाऱ्या गवतानेही कॅमेरा विनाकारण चालू होतो.

आमचा सल्ला

दर दोन-तीन आठवड्यांनी शेतावर जाणे होत असेल, तर निकेल-मेटल हायड्राइडचे दोन संच घ्या: एक कॅमेऱ्यात, एक घरी चार्ज करून तयार. दोन-दोन महिने जाणे होत नसेल, तर एकदाच वापरायचे लिथियम घ्या. जुने-नवे किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नका. एक कमजोर सेल सगळा संच खाली ओढतो. सेलवर मार्करने तारीख लिहा. पावसाळ्यात कॅमेरा काढून ठेवताना सेल बाहेर काढा. आणि मुख्य म्हणजे, कॅमेरा लावल्यावर अंधार पडेपर्यंत थांबून त्याच्यासमोरून एकदा चालून पाहा. फोटोत आपण स्वच्छ दिसलो, तर गवाही दिसेल.

कॅमेरा आपल्याच जमिनीत लावावा. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात नको. शेजाऱ्याच्या वाटेवरही त्याची नजर नसावी.

यंदा त्याच बांधावर आम्ही पुन्हा कॅमेरा लावणार आहोत. या वेळी दोन संच तयार आहेत.