झुलती टोपली, शांत पाया

यंत्र हादरू लागले की ते आणखी घट्ट बसवावे, असे आपल्याला सहज वाटते. साखर कारखान्यातील सेंट्रिफ्यूगल यंत्र मात्र वेगळाच धडा देते. पुण्याच्या पूर्वेस मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) ही साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण व संशोधन करणारी संस्था आहे. त्या तंत्रज्ञानातील हे एक मूलभूत यंत्र. जाळीदार टोपलीत साखरेचे स्फटिक व मळी यांचे दाट मिश्रण घेऊन ती वेगाने फिरवितात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आत राहते.

हे मिश्रण सर्व बाजूंना अगदी सारखे पसरत नाही. समजा, टोपलीची त्रिज्या ०.६ मीटर आहे, ती मिनिटाला १२०० फेरे घेते आणि एका बाजूस १ किलोग्रॅम माल जास्त आहे. म्हणजे सेकंदाला २० फेरे, कोनीय वेग सुमारे १२६ रेडियन प्रतिसेकंद. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करा. बल येते सुमारे ९,५०० न्यूटन, जवळजवळ एक टन वजनाइतके! टोपली पक्की जखडली, तर हे बल सेकंदाला २० वेळा गोल फिरत बेअरिंगना व पायाला हादरवील.

म्हणून टोपली वरून टांगतात आणि तिच्या आधाराशी रबराची गादी बसवितात. अशा प्रत्येक लवचिक मांडणीला स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. फेऱ्यांची कंप्रता तिच्याशी जुळली की हेलकावे फार वाढतात, हेच अनुस्पंदन. टांगलेल्या टोपलीची नैसर्गिक कंप्रता मुद्दाम कमी ठेवतात. वेग वाढताना तो टप्पा लवकर ओलांडला जातो आणि रबरातील घर्षण हेलकावे आवरते. त्यानंतर टोपली जवळजवळ स्वतःच्या वस्तुमानकेंद्राभोवतीच फिरू लागते व पायाला फारच थोडा धक्का पोचतो. कपडे धुण्याच्या यंत्राचा ड्रम आधी डुलतो आणि मग स्थिरावतो, तो याच कारणाने.

वर्गात एक प्रयोग करता येईल. रबरबँडच्या साखळीला कुलूप टांगा. साखळी २५ सेंटिमीटर ताणली गेली, तर कुलूप सेकंदाला साधारण एकदा वरखाली होईल. हात सावकाश वरखाली केला, तर कुलूप हाताबरोबर जाते. सेकंदाला एकदा केला, की ते जोराने उसळते. सेकंदाला तीन-चार वेळा केला, तर ते जवळजवळ जागीच राहते.

मात्र गादी हा सर्व हादऱ्यांवरचा उपाय नव्हे. कंपनांची कंप्रता नैसर्गिक कंप्रतेच्या सुमारे १.४ पटींहून जास्त असेल, तरच गादी धक्का कमी करते. त्याखाली ती तो वाढविते. म्हणून यंत्राखाली रबर घालण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: यंत्राचे फेरे किती, आणि त्याच्या भाराने गादी किती दबते?