‘लवकर’ची किंमत

बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर कुणी घरी जात नसे. एकदा सव्वा रुपयाचा फरक लागत नव्हता म्हणून आम्ही पाच जण रात्री साडेनऊपर्यंत व्हाउचरे उलटीपालटी करीत बसलो होतो. पैशाच्या बाबतीत असा काटेकोरपणा माझ्या अंगवळणी पडला होता. माणसांच्या दिवसांचा हिशेब मात्र मी कधी ठेवला नाही. हे ध्यानात यायला एका शेतकऱ्याशी गाठ पडावी लागली.

साल १९८६. एका तालुक्याच्या गावी मी शेतीकर्जाचे टेबल सांभाळत होतो. मे महिन्यात एक जण पीककर्जाचा अर्ज घेऊन आला. “ठेवून जा, बघतो,” असे म्हणून मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. अकरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा कागद उघडले. सातबारा त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होता. “वारस नोंद करून आणा.” तो गेला. पुढच्या खेपेला माझ्या लक्षात आले, की सोसायटीचा बेबाकी दाखलाही नाही. तो पुन्हा गेला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो सगळे कागद घेऊन आला. पाऊस थांबला नव्हता आणि पेरणीही थांबणार नव्हती. त्याने सावकाराकडून पैसे उचलले होते. “एवढा उशीर कसा झाला?” मी विचारले. तो हसला. “कागदाचं काही नाही, साहेब. ‘लवकर’चे दोनशे पडले.”

“दोनशे देऊन एवढे दिवस?”

“हे ‘लवकर’च होतं, साहेब.”

मी मनातल्या मनात महसूल खात्याला चार शिव्या दिल्या. रात्री जेवताना बायकोला ती हकीकत सांगत होतो आणि मधेच थांबलो. पहिले अकरा दिवस कुणाचे? त्याच्या कागदांत दोन उणिवा होत्या. त्या दोन वेगवेगळ्या दिवशी कुणी सांगितल्या? मी त्याच्याकडून चहासुद्धा घेतला नव्हता. पण ज्या घाईपोटी त्याने दोनशे रुपये मोजले, ती घाई माझ्या ड्रॉवरमध्ये तयार झाली होती. ऑगस्टमध्ये कर्ज मंजूर झाले. त्यातले आधी सावकाराकडे गेले.

तेव्हापासून माझे एक मत बनले आहे. आपण लाचखोरीवर बोलतो तेव्हा माणसाच्या नियतीवर बोलतो. नियत बिघडलेली असतेच. पण तिला विकायला माल लागतो, आणि तो माल म्हणजे वेळ. कागद कुठे आहे, कुणाकडे आहे आणि कधीपासून आहे, हे अर्जदाराला कळत नाही, तिथे ‘लवकर’ विकता येते. दाखला ज्या दिवशी मिळणार हे नक्की असते, तिथे कोण कशाला पैसे देईल?

हे सरकारला कळत नव्हते, असे नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयातले वर्षानुवर्षांचे दप्तर निवडून, वर्गवारी करून लावले. ती पद्धत ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. हवा तो कागद हव्या त्या वेळी सापडला पाहिजे, इतकी साधी ती गोष्ट! पुढे २००५ साली बदल्या आणि दिरंगाईविषयीचा कायदा झाला. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आला. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, अर्जाला क्रमांक आहे. खात्यातच दोन अपिले करता येतात आणि तिसरे आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय दिरंगाई करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे.

सातबारा तर आता डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. माझ्या त्या शेतकऱ्याला हे सांगितले असते, तर त्याला वाटले असते, साहेब थट्टा करतात.

मग दुखणे संपले का? उतारा मिळतो, पण उताऱ्यावर नाव चढायला फेरफार लागतो. त्यात नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हे दिवस योग्यच आहेत. एखाद्या बहिणीचे नाव गुपचूप वगळले जाऊ नये म्हणून ते ठेवले आहेत. अडचण आहे ती त्या दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे. तलाठ्याकडे अनेक गावे असतात. निवडणूक आली, गारपीट झाली, की तो पंचनाम्यांत आणि याद्यांत गुंततो. रिकाम्या जागा भरल्याशिवाय नुसत्या मुदती छापून भागत नाही. आणि मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्जापासून. म्हणजे आज एक त्रुटी, पंधरा दिवसांनी दुसरी, असे केले की घड्याळ सुरूच होत नाही. पूर्वी कागद ड्रॉवरमध्ये पडत, आता ‘लॉगिन’मध्ये पडतात. १९८६ साली मी नकळत केले, ते आज कुणी जाणूनबुजून करू शकतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. सगळ्या त्रुटी एकाच वेळी, लेखी, तारखेसह सांगितल्या गेल्या पाहिजेत. त्यानंतर नवी त्रुटी काढायची, तर ती पहिल्यांदा का दिसली नाही, हे अधिकाऱ्याने लिहावे.

आपल्या बाजूनेही थोडे आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदत टळली तर अपील करावे. त्याला वकील लागत नाही. पैसे मागितले तर १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवावे. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र नाइलाजाने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर त्याला संरक्षण आहे. “देऊन टाकू, डोक्याला ताप नको,” हे वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतच जास्त ऐकू येते. मीही ते म्हटले आहे.

त्या जुलैनंतर मी शिपायाकडून तारखेचा एक शिक्का मागवून घेतला. अर्ज हातात आला की आधी शिक्का, मग अर्जदारासमोरच सगळे कागद तपासायचे आणि काय कमी आहे ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे. एका अर्जाला दहा मिनिटे लागत. त्याआधी एवढी दहा मिनिटे मला कधीच सापडली नव्हती.