सेकंडहँड ठासणीचे रिव्हॉल्व्हर

अमेरिकेतील यादवी युद्धात (1861-65) वापरलेली कोल्ट आणि रेमिंग्टनची अस्सल रिव्हॉल्व्हरे आता संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत आहेत. हौशी नेमबाज चालवतात त्या बहुधा त्यांच्या इटालियन प्रतिकृती. उत्तर इटलीतील ब्रेशा परिसरात उबेर्ती, पिएत्ता यांसारखे कारखाने गेली कित्येक दशके 1851च्या कोल्ट नेव्हीची, 1860च्या कोल्ट आर्मीची आणि रेमिंग्टनची नक्कल बनवत आले आहेत. या शस्त्राला तयार काडतूस लागत नाही. सिलिंडरच्या घरांत पुढून काळी दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर ठिणगी पाडणारी कॅप बसवायची.

अशा प्रतिकृती हौसेने घेतल्या जातात, चार-दोनदा चालवल्या जातात आणि मग खणात पडून राहतात. म्हणून सेकंडहँड माल मुबलक मिळतो. खरी गोम त्या खणातच आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग क्षारयुक्त राख होऊन मागे उरतो. ही राख हवेतील ओल शोषते आणि पोलाद खाऊ लागते. गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावण्याचा कंटाळा आधीच्या मालकाने केला असेल, तर वरून लखलखणारे रिव्हॉल्व्हर आतून खड्डे पडलेले निघते.

पाहणीपूर्वी सिलिंडर रिकामे असल्याची खात्री करावी. निपलवर कॅप नाही एवढे पाहून भागत नाही. दारू आणि गोळी वर्षानुवर्षे आत ठासलेली राहू शकते, म्हणून प्रत्येक घरात पुढून काडी घालून खोली मोजावी. मग सिलिंडर काढून नळीत आणि घरांत टॉर्च मारावा.

यंत्रणा तपासताना घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढावा. तो पूर्ण चढतो त्याच सुमारास खालचा खटका सिलिंडरच्या खाचेत बसला पाहिजे, तोही एकदा नव्हे, सहाही घरांसाठी. खाचांच्या कडा ठोकल्यासारख्या चेपल्या असतील, तर शस्त्र धसमुसळेपणाने वापरलेले आहे. चढवलेला घोडा चापाला हात न लावता अंगठ्याने पुढे रेटून पाहावा. तो निसटला, तर सौदा तिथेच थांबवावा. रिकाम्या निपलवर घोडा आपटून ‘चालतंय’ असे दाखवणाऱ्या विक्रेत्याला मात्र आवरावे, कारण त्यानेच निपलची टोके चपटी होतात.

पितळी फ्रेम दिसायला देखणी, किमतीला हलकी आणि टिकायला कमकुवत. भरपूर दारू भरून चालवली की ती ताणली जाते. सिलिंडरच्या मागे पितळात त्याच्या कडेची गोल खूण रुतलेली दिसली, तर काय झाले असेल ते कळते. कोल्टच्या नकलेत नळी एका पाचरीवर अडकलेली असते. पाचर ठोकूनही नळी डगडगत असेल, तर तेही वाईट लक्षण. रेमिंग्टनच्या फ्रेमला वरून पट्टी असल्याने ही डोकेदुखी नसते. नवख्याने पोलादी फ्रेमची रेमिंग्टनच पाहावी.

‘आजोबांच्या काळातले’ म्हणून दाखवलेल्या नगाचे वय बहुधा त्याच्या अंगावरच असते. इटालियन चाचणीच्या शिक्क्यांजवळ चौकोनात सालाची खूण असते. 1975 सालासाठी ‘एए’, 1976 साठी ‘एबी’ अशी अक्षरे. त्याआधीच्या वर्षांना रोमन आकडे.

खरेदीआधी कायदाही पाहावा. अमेरिकेच्या 1968च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रतिकृती सामान्य बंदुकीच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, पण राज्यांचे नियम निराळे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत तर परवाना लागतो.

निपल आणि स्प्रिंग स्वस्तात बदलता येतात. घरे गंजलेला सिलिंडर किंवा ताणलेली पितळी फ्रेम मात्र कितीही कमी किमतीत मिळाली तरी घेऊ नये.