दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण

यवतमाळनजीक भारी येथे जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे विमानतळ असले, तरी जिल्ह्यातील सामान्य उतारूला त्याचा लाभ अद्याप नाममात्रच आहे. वणीचा काय किंवा पांढरकवड्याचा काय, मनुष्य विमानाने जावयाचे म्हटले की नागपूरची वाट धरतो. त्याच नागपुरास, मिहानच्या आवारात, बोइंग कंपनीने एअर इंडियासाठी बांधलेले विमानदुरुस्तीचे विस्तीर्ण केंद्र २०१५ सालापासून उभे आहे. अशा केंद्रातून नुकतेच बाहेर पडलेले विमान सर्वांत निर्धोक, अशी आपली स्वाभाविक समजूत असते, आणि ती बव्हंशी यथार्थही आहे. परंतु त्या विमानाचे पहिले उड्डाण ज्याच्या स्वाधीन होते, त्या वैमानिकाने मात्र ही समजूत कॉकपिटच्या दाराबाहेर ठेवूनच आत पाऊल टाकावे, असे या व्यवसायातील जाणते लोक सांगतात.

याचे कारण असे, की परवानाधारक अभियंता नोंदवहीत जी सही करतो, ती अमुक काम नियमानुसार पार पडले, एवढ्याचीच ग्वाही देते. ते काम करताना त्याला अनेक बटणे फिरवावी लागतात, विजेचे ब्रेकर ओढून ठेवावे लागतात, बाहेरची छिद्रे झाकावी लागतात, आणि यांतील प्रत्येक वस्तू पूर्वस्थितीत आली की नाही याची अखेरची खातरजमा वैमानिकाच्याच माथी येते. उलटपक्षी वैमानिकाची दृष्टी सवयीने बांधलेली असते. जी कळ वर्षानुवर्षे ‘ऑटो’वरच दिसली, ती आजही तेथेच असणार, हे त्याचे मन डोळ्यांच्या आधी ठरवून मोकळे होते.

हेलिऑस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचा अंत या एका कळीपायी झाला. १४ ऑगस्ट २००५ रोजी पहाटे सायप्रसमधील लार्नाका येथे अभियंत्यांनी त्या विमानातील हवेच्या दाबाची गळती तपासली आणि त्यासाठी दाबनियंत्रणाची कळ स्वयंचलित स्थितीतून ‘मॅन्युअल’वर नेली, ती तशीच राहिली. उड्डाणापूर्वी, इंजिने सुरू झाल्यावर आणि जमीन सोडल्यानंतर, अशा तीन तपासण्यांत ती पकडली जाण्याची संधी होती, शिवाय एक हिरवा दिवाही जळत होता. तरी ती सुटली. विमान सुमारे बारा हजार फुटांवर गेले तेव्हा धोक्याचा भोंगा वाजला, पण धावपट्टीवर उड्डाणाची सिद्धता अपुरी असल्यास वाजणारा भोंगाही हुबेहूब त्याच आवाजाचा असल्यामुळे वैमानिकांचा घोटाळा झाला, आणि ते जमिनीवरील अभियंत्याशी बोलत असतानाच विरळ होत चाललेल्या हवेने त्यांची शुद्ध हरपत गेली. विमान आपले आपणच चौतीस हजार फुटांवर चढले, अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिले, आणि इंधन संपल्यावर ग्रामातिकोजवळच्या डोंगरावर कोसळले. १२१ माणसे गेली.

कळ दिसणे आणि ती पाहणे यांतला भेद फ्रँकफुर्टच्या प्रसंगात याहूनही सूक्ष्मपणे प्रकट होतो. २० मार्च २००१ रोजी उडालेल्या लुफ्तान्साच्या एअरबस ए-३२० विमानाच्या दुरुस्तीत कॅप्टनच्या दांड्याच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. उड्डाणापूर्वी दांडा हलवून पाहण्याचा शिरस्ता पाळला गेला, पंखांवरील पाती हललीदेखील. मात्र ती कोणत्या दिशेस हलली हे कोणी न्याहाळले नाही. विमानाने जमीन सोडताच डावा पंख खाली झुकला, कॅप्टनने उजवीकडे दांडा लोटला तसा तो अधिकच झुकला, आणि पंखाचे टोक भूमीला टेकणार एवढ्यात सहवैमानिकाने ताबा घेतला, म्हणून सर्व वाचले. एरोपेरूच्या विमानाचे दैव इतके बलवत्तर नव्हते. धुताना त्याच्या दाबमापक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहिली, रात्रीच्या काळोखात उंची व वेग दोन्ही खोटे दिसू लागले, आणि २ ऑक्टोबर १९९६ रोजी सत्तर जणांसह ते समुद्रात पडले.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राखणारी ‘ब्लीड’ची कळ चालू करावयाचे राहून गेले आणि कित्येक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले, विमान मुंबईस परतले. ही घटना दुरुस्तीमुळे घडली असे मी म्हणत नाही. परंतु कळ विसरणे ही केवळ परदेशस्थांची मिरासदारी नाही, इतके तिच्यावरून दिसते.

आमच्याकडील जिनिंग कारखान्यातला जुना मिस्त्री दुरुस्तीनंतर वीज सोडण्यापूर्वी पट्टा हाताने फिरवून पाहतो. वैमानिकाची निगुतीची तपासणी तत्त्वतः तीच आहे. यादी मोठ्याने वाचणे, उत्तर देणाऱ्याने स्मरणावर न विसंबता बोट ठेवून स्थिती सांगणे, आणि आरंभी नोंदवही उघडून आज या विमानाच्या कोणत्या भागाला हात लागला आहे हे जाणून त्या भागाशी दुप्पट वेळ थांबणे, हा तिचा मथितार्थ. या दुप्पट वेळाची तजवीज वेळापत्रकातच असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या तासाच्या खोळंब्याने उतारू कुरकुरतील, तर कुरकुरोत.

हेलिऑसनंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने २०११ मध्ये बोइंग ७३७ मध्ये दोन भोंग्यांसाठी दोन निरनिराळे दिवे बसविण्याचा हुकूम काढला. तथापि ते दिवे पेटतात ते भोंग्याबरोबर, म्हणजे संकट दाराशी आल्यावर. विमान जमिनीवर उभे असताना ‘मॅन्युअल’वर राहिलेली कळ दाखवावयास तो लहानसा हिरवा दिवा आणि वैमानिकाने वाचावयाची यादी, एवढेच साधन आहे.