बर्फावरची रोजकीर्द

सकाळी उठल्यावर पहिली चौकशी आभाळाची. वारा किती, ढग कुठवर, रात्री नवा बर्फ पडला का? वारा पडलेला असेल आणि आदल्या रात्री बोटभर भुरभुरीत बर्फ पडून गेला असेल, तर दिवस सोन्याचा. मग चाकांच्या जागी स्की लावलेलं दोन आसनी विमान गोठलेल्या बंदरावरून उठतं. थोड्या वेळात किनाऱ्याच्या कडेनं पावलांची एक रेघ दिसू लागते. रेघ एकाची की सातांची, हे वरून चटकन सांगता येत नाही, कारण खोल बर्फात लांडगे एकमेकांच्या पावलात पाऊल टाकत एका ओळीत चालतात. कुठे तरी ते रेंगाळतात, ओळ फुटते, आणि मग मोजता येतं. रेघ धरून विमान पुढे सरकतं. कधी तासाभरात कळप दिसतो, तर कधी रेघ फरच्या दाट झाडीत शिरते ती शिरतेच. सापडले तर वहीत आकडा पडतो. नाही सापडले, तर तेही लिहिलं जातं.

अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर ही रोजकीर्द १९५८ पासून लिहिली जाते आहे. शिकारी आणि सावज यांच्या नात्याचा एकाच जागी सलग इतकी वर्षं चाललेला दुसरा अभ्यास जगात नाही.

बेट मिशिगन राज्याचं, पण कॅनडाच्या किनाऱ्याला जवळचं. सुपीरियर सरोवराच्या थंडगार पाण्यात ७२ किलोमीटर लांब आणि जेमतेम १४ किलोमीटर रुंद पसरलेलं. ओजिब्वे लोक त्याला मिनाँग म्हणतात, आणि इथलं तांबं त्यांच्याही पूर्वजांच्या काळापासून खणलं गेलं आहे. १९४० मध्ये बेट राष्ट्रीय उद्यान झालं. १९७६ मध्ये जवळजवळ सगळ्या बेटाला कायद्यानं ‘वन्यभूमी’चा दर्जा मिळाला. इथं मोटाररस्ते नाहीत. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल उद्यान बंद असतं. तेव्हा मुक्कामाला असतात ते फक्त जानेवारी ते मार्चच्या दरम्यान सातेक आठवड्यांसाठी येणारे मूठभर संशोधक.

या नाटकातली मुख्य पात्रं दोनच. पहिला मूस. सोनाराच्या मुशीशी याचा संबंध नाही. हा आपल्या सांबर-चितळांच्या कुळातला सगळ्यात थोराड प्राणी. मोठा नर चारशे-पाचशे किलोंचा, लोंबत्या ओठांचा, पसरट शिंगांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस या बेटावर आले. बहुधा पोहत आले असावेत, माणसांनी आणून सोडले असंही काही जण मानतात. वैरी कोणी नसल्यानं त्यांची संख्या बेसुमार वाढली. १९२९-३० मध्ये ॲडॉल्फ म्युरी हा निसर्गशास्त्रज्ञ इथं आला. बेटावरचा झाडोरा ओरबाडला गेलेला पाहून त्यानं इशारा दिला, की आता उपासमार अटळ आहे. काही वर्षांतच मूस मोठ्या प्रमाणावर मेले. १९३६ च्या वणव्यात बेटाचा मोठा हिस्सा जळाला. जळक्या जमिनीवर कोवळी झाडं फुटली आणि मूस पुन्हा वाढले.

दुसरं पात्र लांडगा. १९४० च्या दशकाच्या शेवटी कडाक्याच्या थंडीत सरोवर गोठलं, आणि त्या बर्फाच्या पुलावरून काही लांडगे चालत बेटावर आले.

एरवी लांडग्यांचा अभ्यास म्हणजे गुंतागुंत असते. ते हरणं खातात, गुरं मारतात, माणूस त्यांना गोळ्या घालतो. यातलं काय कशामुळे घडलं हे वेगळं काढता येत नाही. इथं मात्र शिकारी एक, मुख्य सावज एक, बंदूक नाही, आणि चहूकडे पाणी. पर्ड्यू विद्यापीठातल्या डरवर्ड ॲलन यांनी ही संधी ओळखली. त्यांनी दहा वर्षांची योजना आखली. डेव्हिड मेक हा त्यांचा पहिला विद्यार्थी १९५९ च्या हिवाळ्यात विमानातून पावलांच्या रेघा शोधू लागला. पुढे लांडग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक झाले ते हेच मेक.

दहा वर्षं सरली तेव्हा हिशेब छान जुळलेला दिसत होता. लांडग्यांची संख्या विशीच्या आसपास फिरत होती, मूसही आटोक्यात होते. निसर्गाचा समतोल म्हणतात तो हाच, असं पाठ्यपुस्तकात लिहून वही मिटता आली असती. ती मिटली नाही, कारण १९७० मध्ये रॉल्फ पीटरसन नावाचा नवा विद्यार्थी आला. त्यानं उभं आयुष्य या बेटाला दिलं.

पुढच्या पानांवर समतोल कुठेच सापडत नाही. सत्तरच्या दशकात लागोपाठ खोल बर्फाचे हिवाळे आले, मूस घटले आणि लांडगे मात्र वाढत वाढत १९८० मध्ये पन्नासवर गेले. आधी वाढलेल्या मुसांची पिढी आता म्हातारी झाली होती, आणि लांडग्याचं पोट भरतं ते म्हाताऱ्यांवर आणि पिल्लांवर. ऐन उमेदीतला मूस लाथेच्या एका फटक्यात लांडग्याच्या बरगड्या मोडतो, त्याच्या वाटेला कळप सहसा जात नाही. म्हणजे लांडग्यांचं भवितव्य ठरतं ते मूस एकूण किती यापेक्षा त्यांत म्हातारे किती यावरून. हा धडा पहिल्या दहा वर्षांत शिकता आला नसता, कारण सावजाची एक पिढी म्हातारी व्हायलाच तेवढी वर्षं लागतात.

मग १९८२ मध्ये लांडगे उरले चौदा. दोन वर्षांत पन्नासाचे चौदा! कारण निघालं पाळीव कुत्र्यांमध्ये पसरलेला परव्हो विषाणू. बेटावर कुत्रं आणायला बंदी असताना कोणीतरी आणलं असावं. धाक कमी झाल्यावर मूस वाढत राहिले. १९९५ मध्ये ते २,४०० च्या घरात पोचले. त्यानंतरचा हिवाळा अतिशय कडक निघाला. चारा संपलेला, अंगावर गोचिडींचा सुळसुळाट. १९९७ पर्यंत पाचशेच्या आसपास मूस उरले. या खेपेला लांडग्यांनी काही केलं नव्हतं. थंडी, भूक आणि गोचीड यांनीच निकाल लावला.

दर पाच वर्षांचा तुकडा कापून घेतला, तर प्रत्येक तुकड्यातून वेगळा सिद्धान्त निघतो. एकात लांडगा मुसाला आवरतो, दुसऱ्यात बर्फ, तिसऱ्यात रोग, चौथ्यात गोचीड. प्रत्येक सिद्धान्त आपल्यापुरता खरा, आणि वही जिथे थांबवाल तिथे खोटा.

रोजकीर्द हवेतून लिहिली जाते, पण तिची खतावणी जमिनीवर घातली जाते. दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या टोळ्या पाठीवर सामान घेऊन पायवाट सोडतात आणि दलदलीतून, काटेरी झुडपांतून, डासांच्या ढगातून मेलेल्या मुसांची हाडं शोधतात. आजवर हजारो मुसांचे अवशेष असे गोळा झाले आहेत. जबडा सापडला की दात काढायचा, त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. दाताच्या मुळावर वर्षाला एक थर चढतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळासारखा. थर मोजले की मेलेल्या मुसाचं वय कळतं. खुब्याचा सांधा चाचपायचा, खडबडीत लागला तर संधिवात. आणि मागच्या पायाचं घोट्याखालचं लांब हाड मोजायचं. हे हाड आईच्या पोटात आणि पहिल्या काही महिन्यांतच बहुतेक वाढून घेतं. ते आखूड असेल तर मूस उपासमारीच्या काळात जन्मला असं समजायचं.

ही मापं वर्षानुवर्षं नुसती पडून होती. मग कोणीतरी ती शेजारी मांडली, आणि दिसलं की लहानपणी उपाशी राहिलेल्या मुसांना म्हातारपणी संधिवात जास्त होतो. पोटातल्या बाळाचं कुपोषण त्याच्या उतारवयात दुखणं होऊन बाहेर पडतं, ही माणसांच्या आरोग्यशास्त्रातली चर्चा. तिला एका उत्तरेकडच्या बेटावरच्या हाडांनी दुजोरा दिला.

अशी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वहीत आणखीही निघाली. मुसांच्या दातांतला पारा ऐंशीच्या दशकात घटल्याचं आढळलं. कारखान्यांच्या धुराड्यांची बातमी मूस दातात जपून होते. चाळीस वर्षांच्या कवट्या ओळीनं मांडल्या तर त्या लहान होत गेलेल्या दिसल्या, आणि तापणाऱ्या हिवाळ्यांशी त्याचा संबंध लागला. बाल्सम फरच्या खोडातली वर्तुळं मोजली, तर लांडगे कमी आणि मूस जास्त त्या वर्षांत ती अरुंद निघाली. म्हणजे लांडग्यांच्या संख्येची नोंद झाडंही ठेवत होती. लांडगे कळपानं का राहतात, या जुन्या कोड्याचा एक धागा मिळाला डोमकावळ्यांपाशी. जोडीनं शिकार केली तर मांसाचा मोठा वाटा डोमकावळे पळवतात, मोठा कळप मात्र भराभर खाऊन तो वाचवतो.

१९९७ च्या हिवाळ्यात बर्फाच्या पुलावरून एक अनोळखी नर आला. तेव्हा ते कोणालाच कळलं नाही. वर्षांमागून वर्षं गोळा करून ठेवलेल्या विष्ठेच्या नमुन्यांतून डीएनए काढल्यावर तो ओळखू आला. कागदोपत्री तो लांडगा क्रमांक ९३. उतारवयात अंगावरचा रंग फिकट पडल्यामुळे संशोधक त्याला म्हातारा करड्या म्हणत. त्याला चौतीस पिल्लं झाली आणि काही पिढ्यांतच बेटावरच्या लांडग्यांत निम्म्याहून अधिक रक्त त्याचंच झालं. नव्या रक्तानं काही काळ बळ दिलं, पण पुढे तेच रक्त आपसात मिसळत राहिलं. पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष हाडांत दिसतच होते. २०१२ मध्ये जुन्या खाणीच्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात तीन लांडगे बुडालेले सापडले. २०१४ मध्ये बऱ्याच वर्षांनी भक्कम पूल तयार झाला. नवा लांडगा कोणी आला नाही. उलट एक मादी बेट सोडून गेली आणि पैलतीरावर मेलेली आढळली. २०१६ पर्यंत उरले दोन. बाप आणि लेक, आणि दोघांची आईही एकच.

इथं वही लिहिणाऱ्यांपुढे पेच पडला. वन्यभूमी म्हणजे जिथं माणसानं हात घालायचा नाही. लांडगे संपत असतील तर संपू द्यावेत, हा एक पक्ष. पण बर्फाचे पूल दुर्मीळ झाले ते तापमान वाढल्यामुळे, परव्हो आला तो कुत्र्यामुळे, खड्डा खणला तो तांब्यासाठी. हात तर आधीच घातला गेला आहे, हा दुसरा पक्ष. अभ्यासाचे नंतरचे प्रमुख जॉन व्ह्यूसेटिच यांनी हे उघडपणे मांडलं. अखेर २०१८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेनं लांडगे आणायचं ठरवलं. २०१९ पर्यंत मुख्यभूमीवरून आणि मिशिपिकोटन बेटावरून एकोणीस लांडगे आणून सोडले. त्यांतली एक मादी पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून चालत माघारी गेली. तिला कोण काय सांगणार?

बाकीचे राहिले. २०१९ मध्ये मूस सुमारे २,०६० होते. २०२४ मध्ये अंदाज आला ८४० मुसांचा आणि तीस लांडग्यांचा. आकडे पुन्हा हलू लागले आहेत. यावरून लगेच सिद्धान्त मांडायची घाई या बेटावर सहसा कोणी करत नाही.

आक्षेप आहेतच. बेट एकच, त्याला तुलनेसाठी जोड नाही. इथं अस्वलं नाहीत, हरणं नाहीत. इथला नियम मुख्यभूमीला लावायचा तर जपूनच. शिवाय मुसांचा आकडा म्हणजे अंदाज. हवेतून ठरलेले चौकोन पाहायचे, झाडीत दडलेल्यांसाठी हिशेब वाढवायचा, आणि आकड्याशेजारी इतके-तितके असं प्रामाणिकपणे लिहायचं. या मर्यादा वहीतच नोंदलेल्या असतात, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

धोका दुसरीकडेच आहे. ज्या बर्फावरून लांडगे आले, त्याच बर्फावर विमान उतरतं. २०२४ मध्ये हिवाळा इतका उबदार निघाला, की बर्फाचा भरवसा राहिला नाही आणि संशोधकांना काम अर्धवट टाकून बेट सोडावं लागलं. त्याआधी २०२१ मध्ये कोविडमुळे हिवाळी गणना झालीच नव्हती. १९५९ पासून पहिल्यांदाच हिवाळ्याचं पान कोरं राहिलं.

पण त्या वसंतातही मुसांची पिल्लं जन्मली होती. त्यांतली काही लांडग्यांनी मारली असतील, काही अजून फरची पालवी ओरबाडत असतील. दहा-बारा वर्षांनी त्यांतला एखादा कुठल्याशा दलदलीत कोसळेल. मग एखाद्या उन्हाळ्यात डास हाकलत कोणीतरी वाकून त्याचा जबडा उचलेल, पायाच्या हाडावर मोजपट्टी धरेल, दाताचे थर मोजत मागे मागे जाईल आणि वहीत जन्मसाल लिहील: २०२१.