सोबत कोण आहे?

नागपूरच्या महालात सायकलचं कौतुक नव्यानं सांगावं लागत नाही. संध्याकाळी बडकस चौकात चारचाकीवाला हॉर्न वाजवत बसलेला असतो आणि सायकलवाला शेजारच्या बोळातून कधीच पार झालेला असतो. पण सायकलनं परदेशात जायचं म्हटलं, की इथं दोन प्रश्न ठरलेले. ‘काहून भाऊ, गाड्या बंद झाल्या का?’ ही झाली थट्टा. पाठोपाठ येतो तो खरा प्रश्न : ‘सोबत कोण आहे?’ गेल्या शंभरेक वर्षांत आपल्या मुलुखातून जी माणसं सायकलवर जग बघायला निघाली, त्यांच्या हकिगती चाळल्या तर रस्ता, पैसा, हवामान यांच्याइतकाच हा दुसरा प्रश्न त्यांना पुरून उरलेला दिसतो.

ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. सगळे व्यायामशाळेत कमावलेले. गिअरची सायकल नाही, धड नकाशे नाहीत. बलुचिस्तान, इराण, इराकचं वाळवंट, मग युरोप, अमेरिका, जपान, चीन आणि ब्रह्मदेशातून परत. मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून मुंबईत पोचले ते तिघेच : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. नरीमन कापडिया तेहरानहून माघारी फिरले होते. गुस्ताद हाथीराम यांना अमेरिका इतकी मानवली की ते तिथेच राहिले, आणि त्यानंतर केकी पोचखानवाला खट्टू होऊन घरी परतले. गंमत बघा, वाळवंटानं यातल्या एकालाही गाळलं नाही. उरलेल्या तिघांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. मला मात्र गळालेल्या तिघांबद्दलच अधिक वाचायला आवडलं असतं.

फ्रामरोझ दावर यांची गोष्ट नेमकी उलटी. १९२४ मध्ये ते एकटेच निघाले आणि व्हिएन्नाला पोचल्यावर त्यांना गुस्ताव स्टाव्यानिक हा सायकलवेडा भेटला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, खाणं वेगळं. तरी दोघांनी मिळून सहारा ओलांडलं, पुढे दक्षिण अमेरिकेत अँडीज आणि ॲमेझॉनचं जंगलही पार केलं. सहा जण एका शहरातून, एका समाजातून, एका हेतूनं निघाले आणि निम्मे उरले. हे दोघे वाटेत भेटले आणि टिकले. ओळख जुनी असली की सोबत चांगली होते, हा आपला समज इथं साफ आडवा होतो. तिघांची सोबत टिकल्याचाही दाखला आहे : १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ जगप्रदक्षिणेला निघाले, ते थेट १९४२ मध्ये परतले. मधल्या काळात महायुद्ध पेटलं होतं.

आता काळ घड्याळाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत अमेरिका आडवी कापणाऱ्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’त एकट्या स्वाराला जवळपास पाच हजार किलोमीटरसाठी बारा दिवस मिळतात. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. अशा गटात एक जण पायडल मारतो तेव्हा दुसरा गाडीत झोप काढतो. म्हणजे सोबत असूनही भेट बदलीपुरती. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. समर्थांना ११ दिवस २१ तास लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सायबेरियातली शर्यतही संपवली. यादीत हे सगळं ‘एकट्यानं’ या रकान्यात बसतं. पण अमेरिकेच्या त्या शर्यतीत रात्री स्वाराच्या मागे गाडी असावीच लागते, आणि गाडीत खायला देणारे, रस्ता सांगणारे, झोप आली की ओरडणारे लोक असतात. यानं स्वाराचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. रकान्याचं नाव तेवढं अपुरं आहे.

त्या मानानं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची २०१८ मधली जगफेरी खऱ्या अर्थानं एकटीची. विशीतली ही मुलगी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. बहुतांश वाट तिनं सामान सायकलवर लादून, मागे गाडी नसताना कापली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं गेलं. तरी २९,००० किलोमीटर पुरे झाले.

हा झाला इतिहास. पण आपल्यापैकी कुणाला कामावरून रजा काढून व्हिएतनाममध्ये किंवा डॅन्यूबच्या काठानं दोघांनी फिरायचं असेल, तर हिशेब साधा आहे. तंबू, स्टोव्ह, पंप, पाने हे दोघांत मिळून एकेकच लागतं. वारा समोरून असला की पुढचा तो अंगावर घेतो आणि मागच्याचे कष्ट बऱ्यापैकी वाचतात. पाळीपाळीनं पुढे गेलं तर दोघांचेही. पण दमलेला माणूस पाळी मोजायला लागतो, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. वेगातला फरक चढावर कळतो. एक वर पोचून घाम पुसून, पाणी पिऊन ताजातवाना झालेला असतो. दुसरा धापा टाकत येतो आणि पहिला म्हणतो, ‘चला.’ या एका ‘चला’नं कैक दोस्त्या मोडल्या असतील. उपाय एकच : हळू चालवणाऱ्यानं पुढे राहायचं.

विमानासाठी सायकल खोक्यात भरण्याचं कामही दोघांनी एकत्र करून बघावं. पायडलं काढायची, हँडल फिरवून फ्रेमला बांधायचं, टायरची हवा कमी करायची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवला तर ते सैल होतं. हे ठाऊक नसलेला जोर लावून ते आणखीच आवळून ठेवतो. अशा वेळी शेजारचा माणूस हसतो, चिडतो की पाना हातात घेतो, एवढं नीट बघून ठेवावं.

नागपूरकराची खरी अडचण चढाची. आपले महामार्ग सरळ आणि सपाट, रामटेकपर्यंत जाऊन आलं तरी मांड्यांना काही कळत नाही. उन्हाची सवय आपल्याला फुकटात मिळते, घाटाची मिळत नाही. म्हणून तिकिटं काढण्याआधी दोघांनी सामान लादून, घाट चढून चिखलदऱ्याला जाऊन यावं, मुक्कामी आणि शक्यतो पावसात. परत आल्यावरही दोघं एकमेकांशी बोलत असतील, तर व्हिसाचे अर्ज भरायला हरकत नाही.